माघातला ग्रीष्म आणि वरंधचा पायथा

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते आणि उरलीसुरली होळीच्या ज्वाळांबरोबर पळते, हा महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. या हिशेबात शास्त्रीय काटेकोरपणा नसेल, परंतु त्यावर शेतीची कामे ठरत, लग्नाच्या तारखा ठरत आणि गोधड्या कधी धुवायच्या हेही ठरे. २०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आली. तिच्या आदल्या दिवशी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ३८.७ अंशांवर गेला. त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा तो जवळजवळ सहा अंशांनी अधिक होता. कोकण किनारपट्टीसाठी हवामान खात्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. याच खात्याच्या वर्गीकरणाप्रमाणे जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन महिने हिवाळ्याचे असतात. म्हणजे सरकारी दप्तरात हिवाळा चालू असतानाच सरकारी दप्तरातूनच उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला. थंडीला ‘शिव शिव’ म्हणून निरोप घेण्याचीही सवड मिळाली नाही.

मुंबईतील उकाड्याची बातमी होते, कारण तेथे वृत्तपत्रे आहेत. परंतु त्याच दिवसांत महाडहून भोरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वरंधसारख्या गावाचे काय होते, याचा विचार क्वचितच केला जातो. सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी वसलेले हे गाव घाटाला आपले नाव देऊन बसले आहे. एका बाजूला शिवथरघळ, दुसऱ्या बाजूला बिरवाडीची औद्योगिक वसाहत, दक्षिणेला पोलादपूर आणि तेथून महाबळेश्वराकडे चढणारी वाट, असा हा प्रदेश आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा आणि तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा. येथील माणसाला पावसाचे भय ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, ती आठवण अजून ओली आहे. उन्हाचे, आणि तेही हिवाळ्यातल्या उन्हाचे भय मात्र या प्रदेशाच्या आणि त्याच्या कारभाऱ्यांच्या हिशेबात अद्याप आलेले नाही. ते यावे, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

घाटाखालची हवा

कोकण म्हणजे समुद्र आणि समुद्र म्हणजे सौम्य हवा, असे एक सोयीचे समीकरण शहरी मनात रूढ आहे. किनाऱ्यावरील गावांपुरते ते बरेचसे खरेही आहे. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि पारा फार वर चढू देत नाहीत. परंतु महाड-पोलादपूर हा कोकणाचा आतला भाग आहे. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांची खोरी डोंगरांच्या कुशीत शिरलेली आहेत आणि वरंधपर्यंत पोचताना खाऱ्या वाऱ्याचा जोर ओसरलेला असतो. उलट हिवाळ्याच्या अखेरीस देशावरून पूर्वेचे कोरडे वारे सुटले म्हणजे ते घाटमाथा ओलांडून खाली उतरतात. खाली उतरणाऱ्या हवेवर दाब वाढतो, ती आकुंचन पावते आणि तापते. कोरडी हवा एक हजार मीटर खाली आली की तिचे तापमान सुमारे दहा अंशांनी वाढते, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. भोरच्या पठारावर सुखद वाटणारी हवा वरंधला पोचेपर्यंत अंग भाजून काढते, याचे रहस्य या नियमात आहे. हेच पूर्वेचे वारे समुद्रावरील वाऱ्यांना थोपवून धरतात आणि मग मुंबईतही फेब्रुवारीत पारा चढतो.

पूर्वेचे वारे काही आजचे नाहीत. ते शिवकाळातही घाट उतरत होतेच. मग आज नवीन काय घडले, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो योग्यच आहे. त्याचे उत्तर असे की वारा तोच आहे, परंतु तो ज्या पायरीवरून खाली उतरतो ती पायरीच उंच झाली आहे. पठारावरची हवा आधीच अंशा-दीड अंशाने अधिक तापलेली असेल, तर पायथ्याशी येईपर्यंत तीच वाढ तिच्याबरोबर येते. पूर्वी सोसवेल असा जो दिवस असे, तो आता सोसण्याची मर्यादा ओलांडतो.

एक गरम दिवस आणि तापता काळ

येथे एका आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे. एखादा फेब्रुवारी गरम गेला म्हणून जगाचे हवामान बदलले असे म्हणणे, हे एका भाताच्या शितावरून साऱ्या गावजेवणाची परीक्षा करण्यासारखे आहे, असे काही सुशिक्षित लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. हवा रोज बदलते. मधूनच एखादी थंडीची लाट येते, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हिमकण दिसतात आणि वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येतात. हवामान म्हणजे कित्येक वर्षांच्या हवेची सरासरी. तेव्हा निवाडा एका दिवसावर नव्हे, सरासरीवरच करावयास हवा.

परंतु नेमक्या सरासरीच प्रतिकूल साक्ष देत आहेत. भारतीय हवामान खात्याकडे १९०१ पासूनच्या देशव्यापी तापमानाच्या नोंदी आहेत. त्यांत कमाल तापमानाच्या दृष्टीने सर्वांत उष्ण फेब्रुवारी २०२३ चा ठरला. देशाचे सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश होते. दोनच वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीने दिवस आणि रात्र मिळून काढलेल्या सरासरीचा उच्चांक मोडला. ही सरासरी २२.०४ अंश, म्हणजे नेहमीपेक्षा १.३४ अंशांनी अधिक होती. २०२४ हे संपूर्ण वर्ष १९०१ पासूनचे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. जागतिक पातळीवरही तेच वर्ष, औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या काळाच्या तुलनेत सरासरी तापमान दीड अंशाहून अधिक वाढलेले पहिले वर्ष होते. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हे शीत नव्हे, हे भाताचे पातेले आहे.

कारणही गूढ राहिलेले नाही. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, हे गणित स्वान्ते अर्‍हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ सालीच मांडले होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू आता ४२० भागांच्या पुढे गेला आहे. त्या वाढीत वरंधच्या शेतकऱ्याचा वाटा किती? चुलीतला धूर, एस. टी.च्या प्रवासातले डिझेल आणि दोन-चार दिव्यांची वीज, एवढाच. पाप एकाचे आणि ताप दुसऱ्याला, हा शब्दप्रयोग इतका अक्षरशः क्वचितच खरा ठरला असेल.

वाल, मोहोर आणि वणवा

हिवाळा ऊबदार झाला तर बिघडले काय, म्हाताऱ्याकोताऱ्यांची हुडहुडी तरी वाचली, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्यांचे पोट ऋतूवर चालते, त्यांना थंडी ही चैनीची वस्तू नसून उत्पादनाचे साधन असते. रायगड जिल्ह्यात भात कापून झाल्यावर त्याच खाचरातील ओलीवर वाल पेरला जातो. त्याला पाटाचे पाणी नसते, खताचा फारसा खर्च नसतो. जमिनीतला उरलेला ओलावा आणि पहाटेचे दव यांवर हे पीक उभे राहते. रात्री थंड पडल्या नाहीत तर दव पडत नाही, ओल लवकर उडते, फुले गळतात आणि हवा ढगाळ झाली की मावा पडतो. शेंगा पोचट राहतात. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात घालून शेतातच लावलेली पोपटी, ही या जिल्ह्याची हिवाळ्यातली खास मेजवानी. पाहुण्यांना तिची चव आठवते, पण ज्याच्या शेतात ती लागते त्याला वर्षाचे कडधान्य आठवते. वालाचे पीक बुडाले तर ते कडधान्य बाजारातून रोख पैसे मोजून आणावे लागते.

आंब्याची कथा याहून निराळी नाही. आंब्याला मोहोर फुटण्यासाठी काही काळ थंड रात्री लागतात. त्या मिळाल्या नाहीत तर झाड मोहोराऐवजी पालवी धरते किंवा मोहोर उशिरा आणि तुटक येतो. पुढे फळ वाटाण्याएवढे असतानाच ऊन एकदम चढले तर ते गळते. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराकडे निदान फवारणीचे पंप आहेत, विद्यापीठाचा सल्ला आहे, संघटना आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर ज्याच्या बांधाला रायवळ आंब्याची चार झाडे आणि काजूची दहा झाडे आहेत, त्याच्या नुकसानीची कोठे नोंदही होत नाही.

आणि मग वणवे. फेब्रुवारीतच गवत खडखडीत वाळले की एका विडीच्या थोटकाने डोंगर पेटतो. कधी तो मुद्दाम पेटविला जातो. जाळले म्हणजे पुढच्या वर्षी गवत चांगले येते, ही समजूत जुनी आहे. वणव्याच्या हानीचा खरा हिशेब पावसाळ्यात कळतो. गवत आणि पालापाचोळा जळालेल्या उतारावर पहिला पाऊस थेट मातीवर आदळतो. माती वाहून जाते, पाणी जमिनीत मुरत नाही, आणि जे मुरले नाही ते पुढच्या जानेवारीत झऱ्याला कोठून येणार? म्हणजे लवकर आलेला उन्हाळा वणवा लवकर आणतो, वणवा डोंगर उघडा करतो आणि उघडा डोंगर पुढच्या वर्षीची पाणीटंचाई लवकर आणतो. हे चक्र एकदा नीट पाहिले म्हणजे ‘पावसाच्या प्रदेशात टँकर कशाला?’ या नेहमीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

ज्यांना सावली नाही

उष्णता सर्वांवर सारखी पडते, हे केवळ आकाशापुरते खरे आहे. पंख्याखालचा कारकून, पत्र्याच्या छपराखालचा विद्यार्थी आणि वीटभट्टीवरचा मजूर यांच्या वाट्याला एकाच दिवशी तीन निरनिराळे उन्हाळे येतात. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर पाड्यांवरून उठतात आणि पावसाळ्यापर्यंत वीटभट्ट्यांवर राबतात. भट्टीच्या धगीत काम करणाऱ्याला पूर्वी हिवाळ्याचे दोन-तीन महिने तरी निसर्गाची सवलत मिळत असे. ही सवलत आता आखडत चालली आहे. तिच्या बदल्यात कामाचे तास आखडले किंवा मजुरी वाढली, असे मात्र कोठे दिसत नाही.

उन्हाची हयगय किती महाग पडते, याचा धडा याच जिल्ह्याने घेतलेला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभाला लाखोंचा समुदाय उघड्या मैदानात बसला होता. उष्माघाताने त्यांपैकी चौदा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर दुपारच्या वेळी उघड्यावर मोठे समारंभ घेऊ नयेत, हे शहाणपण सुचले. परंतु शहाणपणाला एवढी किंमत मोजावी लागू नये.

महाडच्या संदर्भात आणखी एका तारखेचे स्मरण अपरिहार्य आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो सत्याग्रह तहानेपुरता नव्हता, माणुसकीच्या हक्कासाठी होता, हे त्यांनीच स्पष्ट केले होते. तथापि निसर्गाची देणगी सर्वांच्या वाट्याला सारखी आली पाहिजे, हा त्या घटनेतून निघणारा अर्थ पुसट होण्याचे कारण नाही. पाणी आणि सावली यांची वाटणी जर ऐपतीप्रमाणे होऊ लागली, तर ज्या भूमीवर तो लढा झाला, त्या भूमीला ते शोभणारे नाही.

शाळेचा तापमापी

मग करावे काय? जागतिक तापमानवाढ थांबविणे वरंधच्या ग्रामपंचायतीच्या हाती नाही. २०१५ च्या पॅरिस करारावर ज्यांनी सह्या केल्या, त्यांना जाब विचारीत राहणे हे कर्तव्य आहेच. परंतु दुसऱ्याच्या दोषावर बोट ठेवून स्वतःच्या छपराकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. स्थानिक पातळीवर करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यातील बरेचसे स्वस्त आहे.

पहिली गोष्ट मोजमापाची. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर आणि किनारी प्रदेशात ३७ अंशांवर गेले, व ते सरासरीहून किमान साडेचार अंशांनी अधिक असले, म्हणजे उष्णतेची लाट मानली जाते. परंतु घाटाखालचे गाव धड किनाराही नव्हे आणि धड मैदानही नव्हे. महसूल मंडळांत उभारलेली स्वयंचलित केंद्रे उपयुक्त आहेत, पण नदीकाठची हवा आणि डोंगराच्या कुशीतली हवा एकाच यंत्राच्या आकड्यात मावत नाही. मोजमापाची जागा चुकली की काय होते, याचेही उदाहरण जिल्ह्यातच आहे. २८ मार्च २०१७ रोजी कुंडलिकेच्या खोऱ्यातील भिरा येथे ४६.५ अंशांची नोंद झाली आणि देशभर गाजली. पुढे त्या केंद्राच्या जागेविषयी शंका निघाल्या आणि हवामान खात्याला चौकशी करावी लागली.

येथे शिक्षक आणि विद्यार्थी यांना मोठे काम करता येण्यासारखे आहे. कमाल-किमान तापमापी ही महागडी वस्तू नव्हे. झडपांची पांढरी लाकडी पेटी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, दार उत्तरेकडे, भोवती मोकळी जागा. एवढी पथ्ये पाळली तर प्रत्येक माध्यमिक शाळा स्वतःची वेधशाळा उभारू शकेल. वरंध, बिरवाडी, पोलादपूर येथील शाळांनी दहा वर्षे नेमाने नोंदवही ठेवली, तर ‘पूर्वी असे नव्हते’ या गावकऱ्याच्या उद्गाराला आकड्यांचा आधार मिळेल. मागण्यांच्या अर्जाला भावनेपेक्षा आकड्यांनी अधिक वजन येते, हे कचेरीत काम करणाऱ्यांना सांगावयास नकोच.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. २०२५ साली राज्यभर शाळा सकाळी भरविण्याचा आदेश मार्चच्या अखेरीस निघाला, तोवर फेब्रुवारीतला उच्चांक इतिहासजमा झाला होता. दहावीची परीक्षा त्या वर्षी २१ फेब्रुवारीला सुरू झाली, म्हणजे उष्णतेच्या लाटेचा इशारा आला त्या दिवसांत लाखो मुले परीक्षेच्या चक्रात होती. परीक्षा हवामान पाहून घेता येत नाहीत, हे मान्य. पण परीक्षा-केंद्रात पिण्याचे थंड पाणी, चालू पंखे आणि पत्र्याखाली आच्छादन असावे, एवढे तरी फेब्रुवारीपूर्वी पाहता येईल. सकाळच्या शाळेचा निर्णय मंत्रालयातून एका तारखेला न काढता तालुक्याच्या तापमापीवर सोपविता येईल. रोजगार हमीच्या कामांची वेळ, वीटभट्ट्यांवरील दुपारची सुटी, आरोग्य केंद्रातील उष्माघाताच्या रुग्णांची सोय, यांचा प्रारंभ एप्रिलऐवजी १ फेब्रुवारीपासून धरावयास हवा. फळपीक विम्यातही नुकसानीच्या तारखांच्या चौकटी ठरलेल्या असतात. ऋतूच सरकू लागले असतील तर या चौकटींचाही फेरविचार झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट डोंगराची आणि पाण्याची. जाळरेषा काढण्याचे काम गवत पेटण्यापूर्वी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत उरकले पाहिजे, आणि त्याची मजुरी त्याच गावातील हातांना मिळाली पाहिजे. वणवा विझविणाऱ्या गावाला काही मोबदला आणि लावणाऱ्याला काही शासन असावे. ओढ्यांवर पोत्यांचे वनराई बंधारे पाऊस संपताच घातले तर पाणी आणखी काही आठवडे टिकते. वनराईच्या चळवळीचे प्रणेते मोहन धारिया हे महाड तालुक्यातील नाते गावचे सुपुत्र होते. त्यांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग महाडला सापडणार नाही. घरांच्या बाबतीतही विचार व्हावा. मंगलोरी कौले आणि खाली लाकडी माळा असलेले घर दुपारी थंड राहते, सिमेंटचा पत्रा रात्रीपर्यंत धगधगतो. घरकुलाच्या योजनांत हा फरक कोणी मोजतो काय?

या उपायांनी हिवाळा परत येणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे. तो परत आणण्याचा मार्ग वरंधहून फार दूर, जगाच्या कोळशाच्या खाणी आणि तेलाच्या विहिरी येथून जातो. या उपायांनी होईल ते एवढेच की, बदलत्या ऋतूचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यांवर एकटाच पडणार नाही. तळियेनंतर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या, पाहण्या झाल्या, पुनर्वसनाची चर्चा झाली. दरडीचा आवाज होतो म्हणून तिची दखल घ्यावी लागते. वालाचे शेत गुपचूप वाळते, झरा गुपचूप आटतो, मजूर दुपारी गुपचूप सावलीला जाऊन पडतो आणि संध्याकाळी त्याची अर्धी मजुरी कापली जाते. शासनाच्या वहीत या नुकसानीसाठी अद्याप रकानाच नाही. तो उघडण्याचे काम वेधशाळेने करावे, तहसील कचेरीने करावे की शाळेच्या नोंदवहीने, हा वाद दुय्यम आहे. पुढच्या माघापूर्वी ते कोणी तरी हाती घ्यावे, हे अधिक महत्त्वाचे आहे.